पाखऱ्या उजवीकडचा

‘ह्यो पांढरा बैल मगाशी उजवीकडं हुता. आता डावीकडं आला. मधी गाडी सोडून परत जुपली का काय कुणी?’

भवानीनगरला पशुखाद्याच्या एका दुकानात, सरकी पेंडीच्या पोत्यांवर फळी टाकून आम्ही कॉम्प्युटर मांडला होता. पुण्याहून जीपमधून, गोधडीत गुंडाळून आणलेला. समोर वीस-पंचवीस माणसं दाटीनं उभी होती. बरेचसे गाडीवान. ऊस घेऊन आलेले, कारखान्यात गाडी खाली करायचा नंबर लागायला अजून अवकाश, म्हणून इकडं डोकावलेले. स्क्रीनवर आमची गेम चालू होती. उसाची बैलगाडी शेतातून निघते, कॅनॉलच्या कडेनं जाते, आणि ती न उलटता कारखान्यापर्यंत न्यायची. लोक खूश होते. ‘आयला, टीव्हीत बैलगाडी!’ असं चाललं होतं. मी हाताची घडी घालून नवरदेवासारखा उभा होतो. आणि मागून हा आवाज आला.

बोलणारा माणूस सत्तरीच्या घरातला. डोक्याला मुंडासं, हातात पेंडीची रिकामी पिशवी. दुकानदार म्हणाला, ‘हे म्हाकूआबा. काटेवाडीच्या अलीकडं ऱ्हात्यात. जुने गाडीवान हायती.’

‘आबा, गेम आहे ती,’ मी हसून म्हणालो. ‘खेळ.’

‘खेळ हाय त्ये दिसतंय की. पर बैल हिकडचा तिकडं कसा गेला?’

मग बाकीच्यांनी बघायला सुरुवात केली. फिरोजनं, म्हणजे आमच्या प्रोग्रामरनं, गाडी पुन्हा वळवली. पूर्वेकडं जाताना पांढरा बैल गाडीवानाच्या उजव्या हाताला. पश्चिमेकडं वळली, की तोच पांढरा बैल डाव्या हाताला. एक पोरगेला गाडीवान ओरडला, ‘व्हय की ओ! उडी मारून गेला!’ आणि सगळं दुकान हसलं.

मला मात्र ते हसणं परवडणारं नव्हतं. का ते सांगायला थोडं मागं जावं लागेल.

ही गोष्ट नव्वदच्या दशकाच्या अगदी शेवटाकडची. पुण्यात आमची एक छोटी कंपनी होती. गेम बनवणं हा धंदा असू शकतो, हे तेव्हा आमच्या सासुरवाडीलाही पटत नव्हतं. मी आर्ट डायरेक्टर. लोक विचारायचे, ‘म्हणजे नाटकातलं नेपथ्य का?’ मी हो म्हणायचो. समजावून सांगायचा कंटाळा यायचा. आता सांगतो. प्रोग्रामर गेम चालवतो. आर्टिस्ट चित्रं काढतात. आर्ट डायरेक्टर ठरवतो की सगळी चित्रं मिळून काय दिसलं पाहिजे. झाड एकानं काढलं, गाडी दुसरीनं काढली, आभाळ तिसऱ्यानं, तरी बघणाऱ्याला ते एकाच गावातलं वाटलं पाहिजे. त्यासाठी माणूस दिवसभर ‘नाही’ म्हणत फिरतो. ‘हा हिरवा नाही, तो हिरवा.’ माझं अर्धं आयुष्य असल्या भांडणात गेलं.

माझ्या हाताखाली चार आर्टिस्ट होते. त्यातली अनघा शाळेत चित्रकला शिक्षिका होती, पर्मनंट. माझ्या शब्दावर तिनं ती नोकरी सोडली होती. तिचे वडील मला भेटायला ऑफिसात आले होते. नुसती खुर्च्या-टेबलं बघून गेले. त्यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

ही गेम एका पशुखाद्य कंपनीसाठी होती. तिच्या मालकांना सगळे शेठ म्हणत, आम्हीही शेठच म्हणायचो. बारामतीत शेतीचं मोठं प्रदर्शन भरणार होतं. तिथं शेठच्या स्टॉलवर ही गेम ठेवायची, शेतकऱ्यांनी खेळायची. चाललं, तर शेठ आणखी गेम करून घेणार होते. नाही चाललं, तर आमचे साहेब आर्ट सेक्शन बंद करणार होते. दीक्षितसाहेबांनी मला तसं तोंडावर सांगितलं होतं. ‘विजय, प्रदर्शनानंतर बघू. नाहीतर तुम्ही पाचही जण लग्नाचे अल्बम करायला लागा.’ आणि शेठची अट एकच होती. ‘माझ्या स्टॉलवर शेतकरी हसला नाही पाहिजे. शेतकरी माझ्या मालाला हसला, की मी संपलो.’

प्रदर्शनाला नऊ दिवस उरले होते. आणि पहिल्याच ट्रायलला पंचवीस गाडीवान खदाखदा हसत होते.

आता चूक काय होती ते सांगतो. आमच्या गेममध्ये गाडी आठ दिशांना वळायची. प्रत्येक दिशेसाठी गाडीची आणि बैलांची वेगळी चित्रं लागतात. पाऊल उचललं, टेकलं, पुन्हा उचललं, अशी आठ चित्रं झाली की बैल चालतोय असं वाटतं. पण आठही दिशा कुणी काढत नाही. पाच काढायच्या. उरलेल्या तीन आरशात बघितल्यासारख्या उलट्या करायच्या. उजवीकडं जाणारी गाडी उलटी केली की डावीकडं जाते. मेहनत वाचते, कॉम्प्युटरची मेमरी वाचते. सगळ्या जगात हेच करतात. आम्हीही केलं, आणि वर त्याचा अभिमान बाळगला.

पण आरशात डाव्याचं उजवं होतं. आम्ही शोभा यावी म्हणून एक बैल पांढरा आणि एक कोसा, म्हणजे राखाडी झाक असलेला, काढला होता. पांढरा पुढं दिसावा म्हणून बघणाऱ्याच्या बाजूला ठेवला. गाडी उलटी केल्यावरही तो बघणाऱ्याच्या बाजूलाच राहिला. म्हणजे जू न सोडता गाडीवानाच्या उजवीकडून डावीकडं गेला. सात महिने आम्ही ते रोज बघत होतो. पाच जण, दहा डोळे. कुणालाही दिसलं नाही.

मला जास्त लाज कशाची वाटली सांगू? मी बारामतीचा. वडिलांचं शिंप्याचं दुकान इंदापूर रोडला. शाळेत जाताना मी उसाच्या गाडीमागं लोंबकळून ऊस ओढून खाल्लाय. ऑफिसात मी बैलगाडीचा तज्ज्ञ म्हणून मिरवत होतो. कप्पाळ माझं!

तिथल्या एसटीडी बूथवरून मी दीक्षितसाहेबांना फोन लावला.

‘दोन्ही बैल पांढरे कर,’ ते म्हणाले. ‘दोन्ही सारखे झाले की कोण कुठं गेला हे कळणारच नाही. दहा मिनिटांचं काम. फोन कशाला केलास?’

खरं सांगतो, मला ते पटलं. मी पळत दुकानात आलो. फिरोजला म्हटलं, कोसा बैल काढून टाक, पांढराच दोनदा लाव. त्यानं दहा मिनिटांत केलं. आबांची पेंड अजून तोलून व्हायची होती. मी त्यांना पुढं बोलावलं.

‘आता बघा आबा. आता जागा बदलत नाहीत.’

आबा वाकले. डोळे बारीक करून बघितलं. मग दुकानदाराकडं वळून, अगदी दया आल्यासारखं म्हणाले, ‘आरं, ह्यो येकच बैल हाय. येकच बैल दोनदा जुपलाय.’

या वेळचं हसणं आधीच्या दुप्पट होतं. एक जण तर पेंडीच्या पोत्यावर बसला पोट धरून. ‘येकाला वैरण टाकली की दोघांचं भागतंय!’ म्हणाला.

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी जरा चढ्या आवाजातच बोललो. ‘आबा, बैल डावीकडं असला काय नि उजवीकडं असला काय, गाडी ओढण्याशी मतलब ना? काय एवढा फरक पडतो?’

मी देवळात चप्पल घालून शिरलोय अशा नजरेनं सगळे माझ्याकडं बघायला लागले. आबा मात्र चिडले नाहीत.

‘उद्या सकाळी या,’ ते म्हणाले. ‘दावतो.’

फिरोज म्हणाला, ‘विजूभाई, पुण्याला चला. एका बुढ्ढ्याच्या मागं काय लागताय?’ पण मी बारामतीला आईकडं मुक्काम केला. सकाळी आठला जीप घेऊन आम्ही दोघं काटेवाडीच्या अलीकडं, कॅनॉलच्या कडेला आबांच्या वस्तीवर पोचलो.

त्या दिवशी त्यांची ऊस न्यायची पाळी नव्हती, म्हणून टायरगाडी रिकामी उभी होती. टायरगाडी म्हणजे रबरी टायरची, ऊस वाहायची बैलगाडी. बैल दोन. पांढरा तो पाखऱ्या. कोसा तो हौश्या. दोघं दाव्याला बांधून वाढं खात होते, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे. आबांच्या मालकीणबाईंनी चहा दिला. आबा म्हणाले, ‘आधी नीट बघून घ्या. तुमी चितारी माणूस. काय दिसतंय?’

मी बघितलं. ‘एक पांढरा, एक कोसा. शिंगं लांब. चांगले आहेत.’

‘बास?’

‘अजून काय?’

आबांनी पाखऱ्याच्या मानेवर, जिथं जू टेकतं तिथं, माझा हात धरून ठेवला. कातडं घट्ट झालं होतं, टाचेसारखं. पण सगळीकडं सारखं नव्हतं. आतल्या अंगाला जाड, बाहेरच्या अंगाला पातळ. मग हौश्याच्या मानेवर हात ठेवला. तिथं बरोबर उलटं. अकरा वर्षं एकाच बाजूला चालून मानेनं आपली बाजू लिहून ठेवली होती. मी बैलाला आयुष्यात पहिल्यांदा हात लावत होतो, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

‘आता सोडा दोघांस्नी,’ आबा म्हणाले.

मी घाबरत घाबरत दावी सोडली. आबा गाडीपाशी गेले. त्यांनी जू दोन्ही हातांनी उचललं आणि नुसतं ‘हं’ म्हणाले. ओरडले नाहीत, चाबूक नाही, काही नाही. हौश्या सरळ चालत गेला आणि डाव्या बाजूला मान घालून उभा राहिला. पाखऱ्या गाडीला वळसा घालून मागून गेला, उजवीकडं आला, आणि जुवाखाली मान घातली. आबांनी जू अलगद खाली टेकवलं. एवढंच. मला कुणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं. फिरोजच्या हातातला चहा तसाच राहिला.

‘आता तुमी उलटं जुपा,’ आबा म्हणाले.

मी पाखऱ्याला वेसणीला धरून डावीकडं आणला, हौश्याला उजवीकडं नेला. उभा केला. आबांनी जू उचललं. पाखऱ्यानं माझ्याकडं बघितलं, आणि शांतपणे माझा हात हिसडून, गाडीला वळसा घालून उजवीकडं जाऊन उभा राहिला. हौश्या तिथं होता. पाखऱ्यानं त्याला ढुशी दिली नाही, काही नाही. हौश्या आपण होऊन सरकला आणि डावीकडं आला. मी पुन्हा आणला. तो पुन्हा गेला. तीनदा. चौथ्यांदा फिरोजनं आणि मी दोघांनी मिळून धरलं, आबांनी जू टाकलं, शिवळा, म्हणजे मानेच्या बाजूचे खुंट, घातले आणि आम्हाला गाडीवर बसवलं. कासरा माझ्या हातात दिला.

‘हाका.’

मी हाकलं. गाडी हलेना. पाखऱ्या उजवीकडं रेटायचा, हौश्या डावीकडं. दोघं एकमेकांच्या अंगावर चालले होते. शेवटी गाडी चालली, पण तिरकी, बाभळीकडं. आबांनी पुढं होऊन बैल धरले म्हणून वाचलो. फिरोज मोठ्यानं ‘या अल्ला’ म्हणाला. मी काय म्हणालो ते छापण्यासारखं नाही.

आबांनी जू सोडलं. बैल आपापल्या बाजूला जाऊन उभे राहिले, कुणी न सांगता.

‘आता ऐका,’ आबा म्हणाले. ‘रस्त्यानं गाडी डाव्या कडंनं चालती. मंग डावा बैल रस्त्याच्या कडंला. हितं कॅनॉल, तितं चर. त्याला कड कळाय पायजे. हौश्याला अंधारात बी कड कळती. पर त्यो ट्रकला बिचकतो. समोरनं ट्रक आला, हारन वाजला, की त्याचं पाय कापत्यात. म्हून उजवीकडं पाखऱ्या. पाखऱ्या ट्रकला भीत न्हाय. पर त्याला कडंची अक्कल न्हाय, सरळ कॅनॉलात घालील. येक डोळा हाय, येक छाती हाय. ह्यांची जागा बदलली म्हंजी गाडीवान मेला. गाडीत तीन टन ऊस असतोय, सायेब.’

मी विचारलं, ‘आबा, पण स्क्रीनवर एवढाएवढा बैल. तो बदलला हे तुम्हाला इतक्या लांबून दिसलं कसं?’

आबांना प्रश्नच कळला नाही. ‘दिसलं म्हंजी? तुमच्या घरात तुमची मंडळी जेवाय बसली, नि भावाच्या जागंवर दुसरंच कोन बसलं, तर दिसंल का न्हाय?’

मग म्हणाले, ‘माझा बाप मेंढरं राखायचा. दोनशे मेंढरं. आमी पोरं बी त्यांच्या मागंच वाढलो. सांच्याला मेंढरं बसाय आली की बाप येक नजर फिरवायचा आन म्हनायचा, ती कानतुटी मागं ऱ्हायली, जा. मोजत नव्हता. मोजाय येतच नव्हतं त्याला. दोनशे तोंडं वळकायचा.’

मी तिथं गाडीच्या धुरेवर बसून राहिलो. दोनशे मेंढरांची दोनशे तोंडं! मी चित्रकलेचा डिप्लोमा घेतलेला माणूस. आमच्या कॉलेजात सर सांगायचे, ‘बघायला शिका.’ पाच वर्षं फी भरून मी बघायला शिकलो होतो, आणि हा माणूस न शिकता बघत होता. मला त्याच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं. ठेवलं नाही, कारण फिरोज बघत होता. आता वाटतं, ठेवायला पाहिजे होतं.

मी तीन रोल फोटो काढले. दोन्ही बैलांचे, दोन्ही अंगांनी, चालताना, थांबताना, वळताना. वळताना आतला बैल पावलं आखूड टाकतो आणि बाहेरचा लांब, हेही तेव्हाच दिसलं. आमच्या गेममधले दोन्ही बैल कवायतीसारखी सारखीच पावलं टाकत होते.

पुण्याला पोचलो तसा सरळ दीक्षितसाहेबांच्या केबिनमध्ये गेलो.

‘सर, उरलेल्या तीन दिशा नव्यानं काढायच्या. आरसा बंद.’

‘किती चित्रं?’

‘भरलेली गाडी चोवीस, रिकामी चोवीस. अठ्ठेचाळीस.’

‘आठ दिवसांत? एका म्हाताऱ्यानं सांगितलं म्हणून?’

‘सर, त्या दुकानात पंचवीस माणसं हसली. प्रदर्शनात हजारो येतील, आणि त्यातला प्रत्येक जण बैल ओळखणारा आहे. मुंबईच्या मुलांसाठी असती तर मी दोन्ही पांढरे केले असते.’

साहेबांनी फिरोजला बोलावलं. फिरोज माझ्या बाजूनं बोलेल असं मला वाटलं होतं. तो म्हणाला, ‘सर, विजूभाई बरोबर आहेत. पण मेमरीत बसत नाही. शेठच्या स्टॉलवरचं मशीन साधं आहे. अठ्ठेचाळीस चित्रं घालायची तर तेवढंच दुसरं काहीतरी काढावं लागेल.’

‘काय काढणार?’ साहेबांनी मला विचारलं. आणि हसले, कारण त्यांना उत्तर माहीत होतं.

आमच्या गेममध्ये सगळ्यात देखणी गोष्ट कोणती होती, तर ऊस. मागं पसरलेलं उसाचं रान, वरती तुरे, आणि ते वाऱ्यानं डोलायचे. एकदम सगळे नाही. वारा एका टोकाकडून यायचा आणि रानभर पसरत जायचा. ते मी स्वतः काढलं होतं, दोन महिने बसून. शेठ पहिल्यांदा हरखले ते तो ऊस बघूनच. मेमरी सगळ्यात जास्त खात होता तोही तोच.

मी म्हटलं, ‘ऊस डोलायचा बंद करतो. नुसतं स्थिर चित्र ठेवू.’

साहेबांनी चष्मा काढला. ‘शेठनी तो ऊस बघून होकार दिलाय, विजय. तू डोकं गहाण टाकलंस काय? प्रदर्शनात पडलं तर तुझे हे बैल वाचवायला यायचे नाहीत. सेक्शन बंद म्हणजे बंद. त्या अनघाला तूच सांगायचं.’

‘सांगेन,’ मी म्हणालो. बाहेर आलो.

चौघांना बसवून मी फोटो दाखवले आणि सगळं सांगितलं. काय जाणार, का जाणार, आणि पडलं तर काय होणार. अनघानं पाखऱ्याचा फोटो उचलला. बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, ‘सर, आपण काढले होते ते बैलच नव्हते. ती खुर्चीची गादी होती, चार पाय लावलेली.’ आणि पेन्सिलीला टोक काढायला लागली.

आठ दिवस आम्ही काय केलं ते सांगण्यात मजा नाही. पेन्सिलनं काढायचं, स्कॅन करायचं, माऊसनं एकेक ठिपका रंगवायचा. मी दिवसभर ‘नाही’ म्हणत होतो. ‘नाही, वजन खांद्यावर येत नाहीये.’ ‘नाही, आतल्या बैलाचं पाऊल आखूड हवं.’ एकदा अनघा ओरडली, ‘मग तुम्हीच जुवाला मान लावा नि दाखवा!’ मी खरंच टेबल उचलून दाखवलं. सातव्या दिवशी संध्याकाळी गाडी आठही दिशांना फिरली. पांढरा उजवीकडं, कोसा डावीकडं. पश्चिमेला जाताना कोसा पुढं आला आणि पांढरा त्याच्याआड अर्धा झाकला गेला. माझ्या डोक्यात आलं, अरेच्चा, पांढरा झाकला म्हणून शोभा कमी नाही झाली. उलट ती गाडी कुठूनतरी येऊन कुठंतरी चालली होती.

बारामतीच्या मैदानावर प्रदर्शन सुरू झालं. शेठच्या स्टॉलवर आमचं मशीन. शेठ पहिल्यांदा म्हणाले, ‘ऊस हलत नाही?’ मी कारण सांगितलं. ते एका कोपऱ्यात खुर्ची टाकून लोकांकडं बघत बसले. स्क्रीनकडं नाही, लोकांकडं.

पहिला दिवस गेला. दुसरा गेला. गर्दी होती. कुणीही बैलांबद्दल एक अक्षर बोललं नाही. अठ्ठेचाळीस चित्रं, आठ दिवसांची झोप, माझा दोन महिन्यांचा ऊस, आणि एक माणूस ‘वा’ म्हणायला तयार नाही! लोक खेळणाऱ्यालाच गाडीवान समजून शिव्या घालत होते. ‘आरं कडंला घे, कडंला!’ ‘कासरा ढिला सोड की येड्या!’ एका पैलवानासारख्या माणसानं गाडी कॅनॉलात घातली, तर त्याचा मेव्हणा त्याच्याशी खरोखर भांडला, घरची जोडी तू अशीच हाकतोस म्हणून. मी अनघाला म्हटलं, ‘मेलो आपण. कुणाला चित्र दिसतच नाहीये.’ तिचे वडीलही त्या दिवशी आले होते, लांब उभे राहून बघत होते.

शेवटच्या दिवशी दुपारी म्हाकूआबा आले. मी निरोप धाडला होता. धुतलेलं मुंडासं, नवी वहाण. मी गर्दीतून त्यांना पुढं आणलं. शेठही खुर्चीवरून उठून मागं येऊन उभे राहिले. मी आबांची ओळख करून दिली नाही.

फिरोजनं गाडी सोडली. शेतातून निघाली, कॅनॉलच्या कडेला आली, पश्चिमेला वळली. आबांची मान तिच्याबरोबर वळली. समोरून ट्रक आला, तेव्हा आबांनी जिभेनं ‘टच्च टच्च’ असा आवाज केला, बैलांना धीर द्यायला करतात तसा. त्यांना स्वतःला ते कळलंही नसावं. गाडी कारखान्यात पोचली. आबांनी श्वास सोडला. आणि माझ्याकडं वळून म्हणाले,

‘कुणाचं बैल?’

मला वाटलं ते थट्टा करताहेत. ‘आबा, तुमचेच की. तुमच्या पाखऱ्या-हौश्यावरूनच काढलेत.’

आबांनी पुन्हा बघितलं. फिरोजला परत चालवायला लावलं. मग ठामपणे मान हलवली.

‘न्हाय. पाखऱ्या असा मान टाकत न्हाय. हे दुसऱ्याच कुणाचं तरी हायती.’ जरा थांबून म्हणाले, ‘पर जोडी चांगली हाय. मालकाला सांगा, पांढऱ्याला जरा पेंड वाढवा.’

मागं शेठ मोठ्यानं हसले. माझ्या खांद्यावर हात टाकला. ‘विजय, आमच्या धंद्यात बाजारात बैल उभा केला की पहिला प्रश्न हाच येतो. कुणाचं बैल? याच्यानंतर माणूस किंमत विचारतो. तुझं नशीब, यांनी किंमत नाही विचारली.’ मग दीक्षितसाहेबांचं नाव घेऊन म्हणाले, ‘त्यांना सांग, पुढच्या दोन गेमसाठी मी सोमवारी येतोय. आणि आर्टिस्ट हेच पाहिजेत.’

मी अनघाकडं बघितलं. ती भराभर डोळे पुसत होती आणि धूळ फार आहे म्हणत होती. तिचे वडील तिच्याजवळ आले आणि म्हणाले, ‘तो पांढरा तू काढलास?’ ती हो म्हणाली. ते म्हणाले, ‘हं.’ त्या माणसाकडून एवढं म्हणजे खूप झालं.

आमचं सेक्शन पुढं बरीच वर्षं चाललं. मी नंतर खूप गेम केल्या, परदेशातल्याही. आरशाची युक्ती पुन्हा वापरली, आधी खेळणारी माणसं कोण ते बघून वापरली. पण एक सवय लागली ती लागली. नवा आर्टिस्ट चित्र घेऊन आला आणि चार लोक ‘काय सुंदर काढलंय’ म्हणाले, की मी ते चित्र परत पाठवतो. त्यांना राग येतो. येऊ दे. सुंदर काढलंय असं ज्याला वाटतं, त्याला अजून ते काढलेलंच दिसतंय.